पाखरांची तसबीह आणि आपली नजर



पाखरे पाहण्यात गेलेली संध्याकाळ वाया गेली, असे समजावे काय? सूरह मुल्कची एकोणिसावी आयत आठवा. डोक्यावरच्या पाखरांचे पंख कसे पसरतात, कसे मिटतात, इकडे तिने माणसाचे लक्ष वेधले आहे. त्यांना तोलून धरणारा रहमानच आहे, हेही सांगितले आहे.

नागपूरबाहेरच्या पडीक रानात हे डोळ्यांनी दिसते. मादीला रिझवण्यासाठी चिमुकल्या डोंबारी चंडोलाचा नर फडफडत उंच चढतो, पंख मिटून खाली झेपावतो आणि जमिनीजवळ येताच पंख उघडून पुन्हा उसळतो. विदर्भातच, अकोला-वाशिमच्या माळांवर, पावसाळ्यात सकाळी आणि दिवस मावळताना तणमोराचा नर गवतातून पुन्हा पुन्हा उंच उडी घेतो. उंच गवतात दडलेल्या त्या पाखराला मादीच्या नजरेस पडायचे, तर उडी घेणे भागच असते.

हे सारे आपल्या करमणुकीसाठी मांडलेले नाही. पाखरे आपल्यासारख्याच उम्मती आहेत, असे सूरह अन्आम (आयत ३८) सांगते. प्रत्येकाला आपली नमाज आणि तसबीह ठाऊक आहे, असे सूरह नूर (आयत ४१). मग पाहणाऱ्याचा हक्क कोठवर?

सृष्टी माणसाच्या सेवेस लावली आहे, हे खरे. पण ती अमानत आहे, मालकी नव्हे. प्रवासात काही सहाबांनी एका पाखराची पिले उचलली, तेव्हा आई व्याकूळ होऊन घिरट्या घालू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पिले परत ठेवण्यास फर्मावले. सहाबांच्या मनात दुष्टावा नव्हता, तरीही पाखराला त्रास झालाच होता. छायाचित्रासाठी गवतात गाडी घालणारा, ध्वनिमुद्रित साद वाजवून नराला फसवणारा, यांच्याही मनात दुष्टावा नसतो; पण पाखराची वीण त्यात बिघडू शकते. तणमोर आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे.

गरिबाच्या गुरांना चारा हवा, हेही विसरून चालणार नाही. म्हणून सगळे गवत राखा, असे कोणी म्हणू नये; पिले उडेपर्यंत काही भाग तरी सोडावा, एवढे निश्चित मागता येईल.

मुलांना घेऊन अवश्य जा. दूर बसा, आवाज करू नका, मोबाईल खिशात राहू द्या. सूर्य बुडाला की तेथेच मगरिबसाठी सफ धरा. पाखरांची तसबीह आपण मोडली नाही, या समाधानाने केलेला सजदा मुलांच्याही स्मरणात राहील.