मी गेलो की मला नेलं?

आमच्याकडे पाहुणे जेवले की मी सुपारी कातरत सहज म्हणतो, "आज आम्ही मुद्दाम पुरणपोळीचा बेत केला." त्याबरोबर स्वयंपाकघरात एखादं पातेलं आदळतं. पाहुणे गेल्यावर सौभाग्यवती विचारतात, "आम्ही म्हणजे कोण कोण?" पुरण मी वाटलेलं नसतं, पोळी मी लाटलेली नसते. माझा सहभाग फक्त शेवटच्या टप्प्यातला, आणि तोही बसून.

पण माझंच काय चुकलं? ज्याने जन्मात घमेलं उचललेलं नाही तो माणूस "मी बंगला बांधला" असं छातीठोक सांगतो आणि आपण त्याला "वा!" म्हणतो. हा सगळा प्रकार घरगुती आहे अशी माझी समजूत होती. तो थेट उत्तर ध्रुवापर्यंत पोचतो हे मला वाचनालयातल्या एका जाड पुस्तकाने दाखवलं, आणि पिंपरी पेंढारच्या एका कुत्र्याने पटवलं.

आधी ध्रुव. अमेरिकन नौदलातला रॉबर्ट पियरी ६ एप्रिल १९०९ रोजी उत्तर ध्रुवावर पोचला, असं आम्ही शाळेत पाठ केलं होतं. (तो नेमका ध्रुवावरच पोचला होता का, यावर जाणकारांचा वाद अजून मिटलेला नाही. पण मी बँकेतला माणूस. दुसऱ्याच्या शिलकीत फरक सापडला तर मला आश्चर्य वाटत नाही.) पाठ करताना आमच्या डोळ्यांपुढे एक धिप्पाड गोरा माणूस बर्फ तुडवत चाललेला असे. पुस्तकात निराळंच निघालं. १८९९ साली हिमदंशाने पियरीच्या पायांची बहुतेक बोटं गेली होती. शेवटच्या मोहिमेत त्याने बरंच अंतर कुत्र्यांच्या स्लेज गाडीवर बसून कापलं.

त्या गाडीखाली जमीन नव्हती, समुद्र होता. गोठलेला. तो वारा-प्रवाहाने चिरतो, मध्येच काळ्या पाण्याचा पट्टा उघडतो, आणि तो पुन्हा गोठेपर्यंत काठावर बसून राहायचं. पियरीची मंडळी अशा एका पट्ट्यापाशी जवळजवळ आठवडाभर खोळंबली होती. इथे नकाशा उपयोगाचा नाही, कारण रस्ताच रोज जागा बदलतो. उपयोगाचे ते इनुइट लोक. आमच्या शाळेच्या पुस्तकात ते एस्किमो होते आणि त्यांचं काम चित्रात हसत उभं राहणं एवढंच होतं. प्रत्यक्षात कातड्याचे कपडे शिवले ते इनुइट बायकांनी, मुक्कामाला बर्फाची घरं रचली ती इनुइट पुरुषांनी, कुत्री त्यांची आणि ती हाकायची विद्याही त्यांचीच.

ही विद्या वाचून माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. इनुइट लोकांची स्लेज खिळे ठोकून करत नाहीत, वादीने आवळून बांधतात. बर्फाच्या उंचवट्यांवर ती मोडण्याऐवजी वाकते. कुत्र्यांना एकामागे एक जुंपत नाहीत. प्रत्येकाला वेगळा दोर, पंख्याच्या पात्यांसारखा पसरलेला. एखादं कुत्रं पाण्यात गेलं तर एकटं जातं, बाकीच्यांना ओढून नेत नाही. मर्यादित जबाबदारीचं तत्त्व आम्ही जाड्याजाड्या पुस्तकांतून शिकलो. त्यांनी ते कुत्र्यांना शिकवलं होतं.

शेवटच्या टप्प्यात सहा माणसं होती. पियरी, त्याचा कृष्णवर्णीय सहकारी मॅथ्यू हेन्सन, आणि ऊटा, एगिंगवा, सीग्लू आणि ऊकेआ हे चार इनुइट. शिवाय चाळीस कुत्री. हेन्सनला इनुइटांची भाषा उत्तम येत असे आणि गाडी हाकण्यात तो त्यांच्या तोडीचा होता. परत आल्यावर पियरी १९११ मध्ये रिअर अॅडमिरल झाला. हेन्सन न्यूयॉर्कच्या कस्टम्स कचेरीत नोकरीला लागला आणि कारकून म्हणून त्याने वर्षं काढली. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि दोन मिनिटं शांत बसलो. आमच्या पेशातला माणूस निघाला! त्याला मोठं सुवर्णपदक मिळालं ते २००० साली, मरणानंतर पंचेचाळीस वर्षांनी. आमच्याकडे थकबाकी इतक्या उशिरा देत नाहीत. त्या चार इनुइटांची नावं तर किती जणांना माहीत असतील?

हे सगळं डोक्यात घोळत असतानाच मॅनेजरसाहेबांनी मला पिंपरी पेंढारला पाठवलं. पाहणीचे अधिकारी रजेवर होते, आणि बँकेत रजेवर नसलेल्या माणसाला शिक्षा करण्याची पद्धत आहे. कल्याण-नगर रस्त्यावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान हे गाव. एका शेतकऱ्याचे पीककर्जाचे दोन हप्ते थकले होते. छापील अर्जात 'कर्जदाराची विश्वासार्हता' असा रकाना होता. तिथे मी निघण्यापूर्वीच पेन्सिलीने 'साधारण' लिहून ठेवलं होतं. तेवढाच वेळ वाचतो.

तात्या मला घ्यायला थांब्यावर आले होते. साठीचे, डोक्याला टोपी. सोबत एक तांबूस कुत्रा, गळ्यात खिळ्यांचा पट्टा. "हा वाघ्या," तात्या म्हणाले. "पट्टा बिबट्यासाठी. तो नरडीच धरतो ना, साहेब." जुन्नरच्या उसात बिबटे राहतात हे मी पेपरात वाचलं होतं. पण पेपरात वाचलेला बिबट्या आणि पट्ट्याच्या मापाचा बिबट्या यांत फरक असतो.

वाटेत मी विषय बदलून बैलगाड्यांच्या शर्यतीवर आणला. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने त्या बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली, मे २०२३ मध्ये कायदाही मान्य केला. बैलांचे हाल होतात की नाही यावर दोन्ही बाजूंनी बरंच बोललं गेलं. तात्या एवढंच म्हणाले, "भोंग्यावर पुकारतात मालकाचं नाव. पण घाटातली पोरं ओळखतात बैलाला." मला एकदम ती चाळीस कुत्री आठवली. त्यांना कोण ओळखत होतं?

पीक बघून, चहा घेऊन निघेपर्यंत अंधार पडला. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. पुढे वाघ्या, मग तात्या, मग मी, माझी बॅग तात्यांच्या खांद्यावर. त्याच बॅगेत तो 'साधारण'. अर्ध्या वाटेवर वाघ्या थबकला. अंगावरचे केस उभे, घशात बारीक गुरगुर. मला आळेफाट्याची गाडी गाठायची होती. मी म्हणालो, "अहो तात्या, हाकला की त्याला पुढे."

तात्यांनी मान हलवली. "त्याला कळतंय ते आपल्याला कळत नाही, साहेब. थांबायचं."

त्यांनी मोबाइलवर मोठ्याने भजन लावलं, दोनदा खाकरले. पंधरा मिनिटं आम्ही तसेच उभे. मग वाट सोडून चारीच्या कडेकडेने वळसा घालून त्यांनी मला डांबरी रस्त्यावर आणलं. गाडी चुकली होती. दुसरी येईपर्यंत तात्या आणि वाघ्या माझ्याबरोबर उभे राहिले. मग त्याच उसातून घरी परत गेले.

आता तुम्ही विचाराल, उसात बिबट्या होता का? मला माहीत नाही. मुंगूसही असेल. वाटाड्याच्या धंद्याची अडचण नेमकी इथेच आहे. त्याचं काम चोख झालं की काहीच घडत नाही. बर्फ फुटत नाही, बिबट्या झेपावत नाही, आणि सुखरूप पोचलेल्या माणसाला वाटतं, यात काय विशेष, मी चाललो आणि पोचलो. न घडलेल्या गोष्टीची पावती कुठलंच खातं देत नाही.

दुसऱ्या दिवशी मी अहवाल लिहायला बसलो. 'मी समक्ष जाऊन पाहणी केली' एवढं लिहिलं आणि हात अडखळला. मी गेलो? मला नेलं होतं! पियरीचं वाक्यही असंच असणार. त्याने इनुइटांना बंदुका, सुऱ्या, सामान असा मोबदला दिला होता हे खरं. पण मजुरी दिली म्हणून श्रम विकत मिळतात. ते श्रम आपणच केले असं म्हणायचा हक्क मिळत नाही. तो मी आजवर पुरणपोळीपासून फुकटात वापरत आलो होतो.

मग 'साधारण' खोडून 'उत्कृष्ट' करावं का? रबर हातात घेतला आणि खाली ठेवला. तात्यांनी मला उसातून आणलं म्हणून त्यांचे हप्ते फिटत नाहीत. ते पैसे ठेवीदारांचे. त्यांत एखाद्या म्हातारीची मुदतठेवही असेल. माझे उपकार मी तिच्या पैशांतून कसे फेडू? पत आणि उपकार ही दोन वेगळी खाती, रकमा इकडच्या तिकडे करायच्या नाहीत. पण दुसरं खातं उघडायचंच नाही, हीसुद्धा अफरातफरच.

शेवटी मी शाईने लिहिलं: "कर्जदार व त्यांचा वाघ्या यांनी मला शेतावर नेले व अंधारातून सुखरूप परत आणले. पीक चांगले आहे. दोन हप्ते थकीत. विश्वासार्हता: पैशांबाबत साधारण, वाटेबाबत पूर्ण."

मॅनेजरसाहेबांनी चष्मा वर केला. "हा वाघ्या कोण? सहकर्जदार?"

"जामीनदार म्हणा, साहेब."

"मग त्याची सही?"

"सही येत नाही. पंजा चालेल का?"

अहवाल परत आला. नवा लिहावा लागला, आणि त्यात पुन्हा 'मी समक्ष जाऊन' आलंच. छापील अर्जात तेवढीच जागा असते.

गेल्या रविवारी मेव्हणे जेवायला आले होते. मी सुपारी कातरत म्हणालो, "आज हिने पुरणपोळी केली. मी खाल्ली." स्वयंपाकघरात पातेलं आदळलं नाही. थोड्या वेळाने सौभाग्यवती दारात येऊन संशयाने म्हणाल्या, "बरं वाटत नाही का तुम्हाला?"