आगाखान पॅलेसमध्ये, सावकाश

तिकीट काढून आत शिरलात की समोर वाडा दिसतो आणि पाय आपोआप त्याच्याकडे वळतात. त्यांना जरा थांबवा. झाडाच्या सावलीत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेतून थोडं बाजूला होऊन उभे राहा. पाठीमागे नगर रस्ता आहे. पीएमपीच्या बसचे ब्रेक ऐकू येतील, रिक्षांचे हॉर्न येतील, लोहगावाहून उडालेलं एखादं विमान डोक्यावरून जाईल. हे सगळं शांत होईल मग आपण मन लावू, असं ठरवलंत तर दिवस तसाच जाईल. आवाज येऊ द्या. दोन-तीन श्वास नेहमीपेक्षा सावकाश घ्या. खांदे खाली सोडा. मोबाइल खिशातच राहू द्या. फोटो नंतरही काढता येतो.

आता वाड्याकडे बघा. पांढऱ्या कमानींच्या ओळी, त्यांच्यामागे सावलीत गेलेला रुंद व्हरांडा, पुढे हिरवळ. हा वाडा तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह यांनी 1892 साली बांधून घेतला. आसपासच्या गावांवर दुष्काळाचं संकट होतं, तिथल्या लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून हे बांधकाम काढलं, असं सांगितलं जातं. नजर एका कमानीवर ठेवा, एकाच. तिच्या वळणावरून डोळे हळूहळू फिरवा, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. हे वळण कुणीतरी हातांनी साधलं. खाली कुणी चुना मळत असेल, कुणी घमेली वाहत असेल, कुणाचं मूल तिथेच झोळीत निजलं असेल. त्यांतल्या एकाचंही नाव इथल्या कुठल्याच पाटीवर नाही. पाटी वाचायच्या आधी त्यांच्यासाठी थोडा वेळ द्या.

जगात काही ठिकाणी याच्या उलट झालेलं आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात वाल-जाल्बेर नावाचं एक गाव आहे. धबधब्याशेजारी लाकडाचा लगदा करणारी गिरणी 1901 साली उभी राहिली आणि तिच्या कामगारांसाठी हे गाव वसलं. 1927 साली गिरणी बंद पडली आणि गाव रिकामं झालं. आज तिथे वारसा उद्यान आहे. लोक जातात ते कामगारांची लाकडी घरं बघायला. काही पडकी, काही सावरलेली. तिथे मजुराचं घर राहिलं. इथे येरवड्यात मालकाचा वाडा राहिला आणि तो उभारणाऱ्यांच्या झोपड्या केव्हाच मातीला मिळाल्या. जतन करताना काय ठेवलं जातं आणि काय आपसूक गळून जातं, हा प्रश्न मनात घेऊनच पुढे चला. त्याचं उत्तर लगेच शोधायची गरज नाही.

व्हरांड्यात या. इथे चालायचं, पण नेहमीच्या निम्म्या वेगानं. टाच टेकते, मग तळवा, मग बोटं. फरशीचा गारवा चपलेतूनही जाणवतो का बघा. एका बाजूला बंद-उघड्या खोल्यांची दारं आहेत आणि दुसऱ्या बाजूला कमानींतून दिसणारी बाग. इथे कैदेतली माणसं एकवीस महिने चालली. बाग तेव्हाही होती, आणि तिच्याभोवती काटेरी तार होती, पहारा होता.

8 ऑगस्ट 1942 च्या रात्री मुंबईत गवालिया टँकवर 'भारत छोडो'चा ठराव झाला आणि 9 तारखेच्या पहाटे अटकसत्र सुरू झालं. गांधीजी, महादेवभाई देसाई, मीराबेन, सरोजिनी नायडू यांना खास गाडीनं आणून चिंचवडला उतरवलं आणि तिथून मोटारीनं इथे आणलं. येरवड्याचा तुरुंग गांधीजींना नवा नव्हता. 1922 पासून ते तिथे वरचेवर राहिले होते आणि त्या तुरुंगाला ते येरवडा मंदिर म्हणत. पण या वेळी तुरुंगाऐवजी थोड्या अंतरावरचा हा वाडा निवडला गेला. छत उंच, हवा खेळती, खोल्या प्रशस्त. गांधीजींना याचा त्रासच होत असे. आपल्यावरचा हा खर्च शेवटी गरीब जनतेच्याच खिशातून जातो, हे ते सरकारला कळवत राहिले.

एका कमानीपाशी थांबा. सुंदर जागेतही कैद ही कैदच असते, हे डोक्याला पटायला वेळ लागत नाही. शरीराला पटवायचं असेल तर एवढंच करा: या जागेवरून पुढची काही मिनिटं हलायचं नाही असं ठरवा. पाय चुळबुळायला लागतील. दुसऱ्या खोलीत काय आहे ते बघावंसं वाटेल. ही चुळबुळ दाबू नका, तिच्याकडे लक्ष द्या. आपल्याला इथून केव्हाही निघता येतं. निघायचा दिवसच ठाऊक नसणं म्हणजे काय, त्याचा अगदी पुसटसा स्पर्श या चुळबुळीत आहे.

आता आतल्या खोल्या. चित्रं, छायाचित्रं, जपून ठेवलेल्या वस्तू. सगळं बघायची घाई करू नका. एकाच वस्तूपुढे थांबा आणि तिच्यासमोर मनात एखादा साधा दिवस उभा करा. याच वाड्यात 15 ऑगस्ट 1942 च्या सकाळी महादेवभाई अचानक कोसळले. येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. वय पन्नास. पंचवीस वर्षं ज्यांनी गांधीजींचा शब्द न् शब्द टिपला, त्यांच्या देहाला त्या दिवशी गांधीजींनी स्वतः स्नान घातलं. अंत्यसंस्कार आवारातच झाले, कारण बंदिवानाचा देह बाहेर न्यायची मुभा नव्हती. पुढे 10 फेब्रुवारी 1943 ला गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपवास इथेच सुरू झाला आणि 3 मार्चला संपला. हे दिवस इतिहासाच्या पुस्तकांत आहेत. मला तुम्हाला थांबवायचं आहे ते पुस्तकांत दोन ओळींत आटोपणाऱ्या दिवसांपाशी.

कस्तुरबा इथे आल्या तेव्हा त्यांचं वय त्र्याहत्तर होतं. नवऱ्याला पकडल्यामुळे शिवाजी पार्कच्या सभेत त्या स्वतः बोलणार होत्या. सभेला जाण्याआधीच त्यांना अटक झाली आणि मुंबईच्या तुरुंगात दोन रात्री काढून त्या इथे पोचल्या. मुलासारख्या महादेवचा मृत्यू त्यांनी चारच दिवसांत पाहिला. त्यानंतरचं दीड वर्ष त्यांनी कसं काढलं असेल? डॉ. सुशीला नय्यर या त्यांच्याबरोबर इथे बंदिवासात होत्या आणि त्यांनी रोजनिशी ठेवली; 'बापू की कारावास-कहानी' हे पुस्तक त्यातून झालं. या काळात गांधीजी कस्तुरबांना शिकवायला बसत. थोडं गुजराती, थोडा भूगोल. साठ वर्षांचा संसार झालेली दोन माणसं, एक शिकवतो आहे, दुसरी नद्यांची नावं लक्षात ठेवायचा प्रयत्न करते आहे, आणि नावं लक्षात राहत नाहीत.

हे चित्र मनात घेऊन बसा. बाकावर, नाहीतर पायरीवर. डोळे मिटले तरी चालेल. त्या वयात, त्या जागी, सुटकेची काही खात्री नसताना, पंजाबातल्या नद्या शिकायला बसणारी ती बाई. तिला कुठे जायचं होतं? कुठली परीक्षा होती? काहीच नव्हतं, आणि तरी ती बसत होती. इथे मला दरवेळी थांबावंसं वाटतं. वाड्याच्या कमानींपेक्षा मला ही शिकवणी जास्त मोलाची वाटते, आणि तिची खूण मात्र कुठल्याच भिंतीवर नाही.

मग आजारपण आलं. छातीचं दुखणं, हृदयाचे झटके, धाप. शेवटच्या आठवड्यांत वैद्य शिव शर्मा यांचं औषध सुरू झालं, पण रात्री आत राहायची परवानगी त्यांना नव्हती. रोग्याला रात्रीतून केव्हा गरज पडेल सांगता येत नाही, म्हणून ते फाटकाबाहेर आपल्या मोटारीतच झोपत. मुलगा देवदास यांनी पेनिसिलिन मागवलं होतं; तेव्हा ते औषध आपल्याकडे अगदी नवं आणि दुर्मिळ होतं. वारंवार सुया टोचून कस्तुरबांच्या शेवटच्या घटकेला त्रास नको, असं गांधीजींचं मत पडलं. बरोबर की चूक, हा वाद आजही होतो. इथे बसून त्याचा निवाडा करू नका. एका खोलीत माणसं एकमेकांवर जिवापाड प्रेम करत असतात आणि तरी काय करावं यावर त्यांचं एकमत होत नाही. आपापल्या घरातली अशी एखादी खोली तुम्हाला आठवेल. आठवली तर आठवू द्या.

22 फेब्रुवारी 1944 ला संध्याकाळी कस्तुरबा गेल्या. महाशिवरात्र होती. दुसऱ्या दिवशी दहन याच आवारात, महादेवभाईंच्या जागेशेजारी झालं. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवली होती. आणि एक गोष्ट सांगितली जाते, ती मला विसरता येत नाही: चितेसाठी चंदन आणायला गांधीजी तयार नव्हते, गरिबाला ते परवडत नाही म्हणून. तेव्हा तुरुंगाधिकाऱ्यांनी सांगितलं की चंदन आधीपासूनच ठेवलेलं आहे. आदल्या वर्षीच्या उपवासात गांधीजी वाचणार नाहीत, या तयारीनं ते आणलं गेलं होतं. नवऱ्यासाठी साठवलेलं लाकूड बायकोच्या चितेला लागलं. चिता पेटल्यावर गांधीजी झाडाखाली तासन्‌तास बसून राहिले.

उठा आता, समाधीकडे जायचं. वाड्यामागून जाणाऱ्या वाटेनं चला. इथेही पावलं मोजकी टाका, बोलणं नको. मागच्या काही दशकांत येरवडा आणि कल्याणीनगर केवढे वाढले. नदीकाठच्या शेतांच्या जागी उंच इमारती आल्या, मेट्रो आली. या वाटेवर ते सगळं थोडं लांब गेल्यासारखं वाटतं. बंदिवासातले उरलेले महिने गांधीजी रोज फुलं घेऊन याच बाजूला येत, आधी महादेवसाठी, मग दोघांसाठी. 6 मे 1944 ला त्यांची सुटका झाली, त्या सकाळीसुद्धा ते इथे येऊन गेले.

समाध्यांच्या चौथऱ्याजवळ बसा. दोन वृंदावनं आहेत, बाजूला गांधीजींच्या अस्थींचीही जागा आहे. या आवाराची रचना वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी 1960 च्या दशकात केली. बुटक्या भिंती, मोकळं आकाश, आणि त्यापुढे फारसं काही नाही. एवढं कमी बांधायला मोठा संयम लागतो.

इथे बसल्यावर मघाचा जतनाचा प्रश्न पुन्हा काढा. या जागेचं जतन नेमकं कधी सुरू झालं? चौथ्या आगाखानांनी हा वाडा 1969 साली गांधीजींच्या स्मृतीसाठी देशाला दिला. 2003 साली पुरातत्त्व खात्यानं त्याला राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक ठरवलं. पण त्या सगळ्याच्या किती तरी आधी, सुटका होत असताना, गांधीजींनी सरकारला लिहून कळवलं होतं की दहनाची ही जागा वेगळी राखावी आणि तिथवर येण्याजाण्याची वाट लोकांना खुली असावी. वाडा वाचवा, असं त्या पत्रात नव्हतं. मागणी होती ती दोन चितांच्या एवढ्याशा जमिनीची आणि तिथे पोचणाऱ्या एका पाऊलवाटेची. तुम्ही आत्ता ज्या वाटेनं आलात, ती मुळात एका कैद्यानं मागितलेली वाट आहे. तळव्यांखालची माती काही क्षण जाणवू द्या.

कस्तुरबांच्या नावानं देशभरातून निधी जमला आणि तो 2 ऑक्टोबर 1944 ला गांधीजींच्या हाती सोपवला गेला. त्यातून कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्ट उभा राहिला. पैसा शहरात घालवायचा नाही, खेड्यातल्या बायका आणि मुलांसाठीच तो खर्चायचा, हा आग्रह गांधीजींचा होता. ट्रस्टचं मुख्य केंद्र इंदूरजवळ कस्तुरबाग्रामला झालं. ज्या खेड्यांत डॉक्टर पोचत नव्हते, तिथे बाळंतपणं करायला, मुलींना लिहायला-वाचायला शिकवायला ग्रामसेविका तयार होऊ लागल्या. त्यांतल्या कित्येकजणी मोठ्या वयात पहिल्यांदाच पाटी-पेन्सिल हातात घेऊन बसलेल्या होत्या.