दानाची तिथी आणि सराफाचा मुहूर्त

अक्षय तृतीया जवळ आली की वर्तमानपत्रांची पानं सराफांच्या जाहिरातींनी भरतात. घडणावळीवर सूट, आगाऊ नोंदणी, मुहूर्ताची वेढणी. शेजारच्याच पानावर आलिशान फ्लॅटचं बुकिंग. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक, आज घेतलेलं वाढतच जाणार, असं आश्वासन त्यांत असतं.

ज्याच्याकडे पैसा आहे आणि श्रद्धाही आहे, त्याला हे आश्वासन हवंच असतं. दिवाळीत तो लक्ष्मीपूजन करतो आणि आषाढात तुकोबांच्या पालखीपुढे डोकं टेकवतो. त्याच तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. लक्ष्मी घरात यावी, पण तिची हाव जडू नये, ही ओढाताण आपल्या धर्मानेच माणसाच्या मनात ठेवली आहे. पाणपोया, धर्मशाळा, नद्यांचे घाट यांना पैसा मिळाला तो बराचसा या ओढाताणीमुळे. जाहिरात नेमकी ही टोचणी काढून घेते. खरेदी हेच पुण्य म्हटल्यावर द्यायचं काही उरतच नाही.

या तिथीचा जुना आचार मात्र देण्याचा आहे. पितरांच्या नावाने उदककुंभ द्यायचा: मातीचा घडा, त्यात वाळा घातलेलं गार पाणी, सोबत पंखा, छत्री, आंबा. वैशाखाच्या उन्हात समोरच्याला जे हवं, तेच. जैन परंपरेत वर्षभर आहाराविना राहिलेल्या ऋषभदेवांना हस्तिनापुरात श्रेयांसकुमाराने उसाचा रस दिला, तो हाच दिवस. वर्षीतपाचं पारणं आजही त्याच रसाने होतं. दसरा हाही साडेतीन मुहूर्तांतलाच; त्याच्या कथेतही कौत्स हा शिष्य गुरुदक्षिणेपुरत्या चौदा कोटी मोहरा घेतो, उरलेल्यांना हात लावत नाही.

सोनं घेण्यात पाप नाही. अडीनडीला तेच उपयोगी पडतं, बाईच्या हाताशी तेवढाच आधार असतो. सराफानेही धंदा करावा. पण ज्या तिथीने श्रीमंताला हात सैल करायला सांगितलं, त्याच तिथीच्या नावाने त्याला फक्त मूठ भरायला शिकवणं, ही धर्माची मोडतोड आहे, आणि ती आपण मुकाट्याने चालवून घेतली आहे.

यंदा वेढणी जरूर घ्या. पण सराफाकडे जाण्याआधी पाण्याचा एक घडा, एक छत्री, उन्हात राबणाऱ्या कुणाला तरी देऊन या.