दिसणे आणि दाखविणे

आपल्या रामाकोना-सौंसर भागातील पुष्कळ मुलांनी संत्र्यांच्या बागा पाहिलेल्या असतात, समुद्र पाहिलेला नसतो. त्यामुळे शब्बाथशाळेत दिव्याचा धडा आला की दीपगृह म्हणजे काय, हे शिक्षकांना समजावून सांगावे लागते. त्यासाठी खांदेरीचे उदाहरण घेता येईल.

अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी हे लहानसे बेट आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी तेथे किल्ला बांधावयास घेतला. मुंबईच्या इंग्रजांनी तो होऊ नये म्हणून खटपट केली, तरी किल्ला उभा राहिला. पुढे १८६७ साली त्याच बेटावर दीपगृह झाले. २०२५ साली हा किल्ला, मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांसह, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. आता लोक होडीने जातात, तट पाहतात, मनोरा पाहतात, फोटो काढतात. त्यात गैर काही नाही. परंतु हा मनोरा बांधला तो दिवसा येणाऱ्या पाहुण्यांसाठी नव्हे, रात्री दूरवरून जाणाऱ्या खलाशांसाठी.

येथे एक जुना प्रश्न पुढे येतो. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने शिष्यांना आपला प्रकाश लोकांपुढे पडू द्यावयास सांगितले आणि त्याच प्रवचनात धर्माचरण लोकांनी पाहावे म्हणून करू नये, असेही बजावले. मग मुलांना कोणते शिकवावे? सत्कृत्य दिसू द्यावे की झाकावे?

दीपगृहाकडे दोन प्रकारे पाहता येते. पाहुणा मनोऱ्याकडे पाहतो आणि त्याची उंची वाखाणतो. खलाशाला रात्री मनोरा दिसतही नाही. दिसतो तो प्रकाश, आणि त्यावरून तो आपली वाट ठरवितो. १८२३ साली फ्रान्समधील कोर्दुआँ दीपगृहात फ्रेनेलचे भिंग बसविले गेले. ते भिंग प्रकाश निर्माण करीत नाही. वर आणि खाली वाया जाणारे किरण वळवून क्षितिजाकडे पाठविते. ‘दिव्याखाली अंधार’ हा एरवी टोमणा. दीपगृहाची मात्र ती रचनाच आहे.

तथापि सगळेच झाकावे, असा याचा अर्थ नव्हे. दीपगृहांच्या लुकलुकण्याचे ठरलेले प्रमाण असते, म्हणून खलाशी ते ओळखतो. त्यात लहरीपणा आला तर त्याच्यावर विसंबणारे तारू खडकावर जाईल. ज्यावर दुसऱ्याची वाट अवलंबून आहे, ते दिसलेच पाहिजे.

म्हणून मंडळीच्या फंडाचा हिशेब सर्वांसमोर वाचावा; देणाऱ्यांचा विश्वास त्यावर टिकतो. पण गरीब मुलाची फी कोणी भरली, हे जाहीर करण्याची गरज काय? त्या नावाने कोणालाही वाट सापडत नाही. उलट त्या मुलाची मान मात्र खाली जाते. शिक्षक वेळेवर येतो, दिलेला शब्द पाळतो, हे मुलांना दिसावे. कारण मुले त्यावरून चालतात.

वाचकहो, सत्कृत्य दाखवावे की झाकावे, अशी शंका आली तर एवढेच विचारावे: हे दिसल्याने दुसऱ्याला त्याची वाट दिसेल, की केवळ मी दिसेन?