निघण्याची मुभा

अरबी समुद्रात वादळे होत नाहीत, झाली तर ओमानकडे वळतात, आपल्या वाटेला येत नाहीत. कोकणात पिढ्यानपिढ्या ऐकलेला हा दिलासा 3 जून 2020 च्या दुपारी संपला. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले आणि मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पत्रे उडाले, कौले फुटली, विजेचे खांब मोडून पडले आणि कित्येक गावे पुढचे अनेक आठवडे अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. ते जमिनीवर चढले गुजरातेत, पण जाता जाता सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंतचा किनारा झोडपून गेले. त्याआधी नोव्हेंबर 2009 मध्ये फयानने भर समुद्रातल्या मच्छीमारांचे बळी घेतलेच होते. अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यातली वादळे अधिक जोर धरू लागली आहेत, हे शास्त्रज्ञ सांगत आहेत. पुढचे वादळ येणार हे धरूनच चालले पाहिजे.

आज इशारा वेळेवर मिळतो, ही मोठी कमाई आहे. हवामान खाते साधारणपणे तीन दिवस आधी सावध करते, मग जसजसे वादळ जवळ येते तसतसे इशारे अधिक नेमके होत जातात. बंदरावर बावटा चढतो, मोबाइलवर संदेश येतात, तलाठी आणि पोलीस पाटील गावात फिरतात. पण इशारा कानावर पडणे वेगळे आणि घर सोडून निघता येणे वेगळे. ज्याचे घर सिमेंटचे, गाडी दारात आणि नातेवाईक महाडला किंवा पनवेलला, तो तासाभरात निघतो. बाकीच्यांच्या वाटेत गरिबी, मालकाचा हुकूम, जात, घरातली रीत असे काही ना काही आडवे येते. वादळाची तयारी म्हणजे हे अडथळे आधीच दूर करून ठेवणे. हे काम समाजाचे आहे आणि ते आपण अजून हाती घेतलेले नाही.

बांगलादेशाने ही गोष्ट फार मोठी किंमत मोजून शिकली. 1970 च्या नोव्हेंबरातल्या भोला वादळात तिथे किमान तीन लाख माणसे गेली. त्यानंतर स्वयंसेवकांची फळी उभी राहिली, इशारे गावोगाव पोचू लागले. तरीही 1991 च्या वादळात सुमारे 1 लाख 38 हजार माणसे मेली आणि त्यांत पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त होत्या. इशारा त्यांनीही ऐकला होता. पण नवरा घरी नाही, त्याला विचारल्याशिवाय उंबरा ओलांडायचा कसा? आसऱ्याच्या इमारतीत परक्या पुरुषांच्या गर्दीत बसायचे कसे? तिथे बायकांसाठी वेगळी जागा नव्हती, संडास नव्हते. कडेवर मूल आणि अंगावर साडी घेऊन चढत्या पाण्यात पळता येत नाही. त्या बायकांना समुद्राइतकेच घरच्या रीतीने मारले, असे मी म्हणतो आणि ते जपून म्हणत नाही. त्यानंतर तिथे या फळीत स्त्रियांना मुद्दाम आणले गेले. बाईच्या दारात बाई जाऊ लागली. ‘चल’ असे बाईने म्हटले की घरातल्या सासूलाही ते मोडता येत नाही.

आपल्याकडे पडदा नाही, म्हणून हा प्रश्न आपला नाही, असे कोणी समजू नये. किनाऱ्यावरच्या किती गावांत आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीला बायका बसतात? किती शाळांमध्ये, जिथे वादळात माणसे नेऊन ठेवायची, संडासाला कडी आणि पाणी आहे? बाळंतपण जवळ आलेली बाई कुठल्या घरात आहे, हे ग्रामपंचायतीला ठाऊक नसते, पण आशाताईला तोंडपाठ असते. तिला बैठकीत खुर्ची द्या आणि तिचा शब्द पाळा.

समुद्रावरची गोष्ट आणखी कठोर आहे. तौक्तेच्या वेळी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-305 हा तराफा बुडाला. त्यावर 261 माणसे होती, त्यांतली सत्तरहून अधिक दगावली. इशारा दिलेला होता आणि बंदरही फार दूर नव्हते. पण तराफा कधी हलवायचा, हे त्या कामगारांच्या हाती नव्हते. वेल्डर, फिटर, स्वयंपाकी यांच्यापैकी कोणालाही ‘मी आज उतरतो’ असे म्हणण्याचा हक्क नव्हता. मासेमारीच्या बोटीवरचा खलाशी याच अवस्थेत असतो. रत्नागिरीच्या कितीतरी बोटींवर आज नेपाळमधून आलेली पोरे काम करतात. त्यांना मराठी जेमतेम कळते, आणि बावट्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नसतो. डिझेल, बर्फ आणि शिधा भरून बोट निघाली की फेरी रिकामी आणणे परवडत नाही. अर्ध्यातून परतलेल्या तांडेलाला बोटीच्या मालकाचे, नाखवाचे, तोंड बघावे लागते. म्हणून तो आणखी एकदा जाळे टाकतो, आणखी एक रात्र थांबतो. यात एकट्या नाखवालाही दोष देता येत नाही, त्याच्या डोक्यावर कर्ज असते. पण उपाय हाताशी आहे. बावटा चढल्यावर परतलेल्या बोटीच्या खर्चाचा वाटा मच्छीमार सोसायटीने उचलायचा आणि त्या दिवसाची खलाशाची मजुरी कापायची नाही, असा ठराव प्रत्येक सोसायटीने हंगामाच्या आधी करावा आणि सरकारने त्याला निधी द्यावा. एका बोटीच्या डिझेलपेक्षा तिच्यावरच्या माणसांचा जीव स्वस्त धरणे हे पाप आहे.

जमिनीवरही हिशेब असाच चालतो. निसर्गनंतर सरकारने बागांची भरपाई वाढवून हेक्टरी 50 हजार रुपये केली. कोकणात वाड्या गुंठ्यांत असतात, गुंठ्याला पाचशे रुपये पडले. पोफळ पुन्हा धरायला सात-आठ वर्षे लागतात. शिवाय भरपाई जाते सातबाऱ्यावर. त्याच वाडीत झाडावर चढून पोट भरणारा पाडेली, सुपारी सोलणाऱ्या बाया यांची नावे कुठल्याच उताऱ्यावर नसतात. गेलेले परत मिळणार नाही, हे ज्याला पक्के ठाऊक आहे, तो दोन शेळ्या आणि चार भांडी सोडून कशासाठी निघेल? त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. बांगलादेशात किनाऱ्यालगत मातीचे उंच चौथरे रचले, त्यांना तिथे किल्ला म्हणतात. त्यावर गुरे चढवता येतात. गाय वाचणार हे दिसले की माणूस निघतो. गरिबाच्या हट्टामागचा हिशेब ज्याने समजून घेतला, त्याने ते चौथरे बांधले.

आणि रायगडातल्या कातकरी वाड्या? दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली ही माणसे पावसाच्या तोंडावर परततात, म्हणजे नेमकी वादळाच्या दिवसांत. घर कुडाच्या भिंतींचे, वाडी गावाबाहेर, बऱ्याच ठिकाणी पायाखालची जमीनही नावावर नाही. त्यांना कोणी जाऊन गावात आणले, तरी पुढचा प्रश्न उरतो. गाव त्यांच्या शेजारी बसेल का? 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या नागपट्टिनमकडे दलितांना छावण्यांत आसरा आणि पाणी नाकारले गेल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. समुद्र सर्वांना सारखा बुडवतो आणि वर आल्यावर माणूस पुन्हा पंगती मांडतो, याहून मोठी लाज कोणती? 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर उतरले, ते याच रायगड जिल्ह्यात. त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाने वादळाच्या दिवशी कोणाला कुठल्या खोलीत बसवायचे, यावरून एकही कुजबूज होऊ न देण्याची हमी द्यायला हवी.

हे सगळे करायला लागणारी माणसे कोकणातल्या गावांतच आहेत. शिमग्यात पालखी घरोघर जाते. कुठल्या घरी म्हातारी एकटी आहे, कुठल्या घराला कुलूप आहे, कुठली पाखाडी रात्री उतरायला वाईट आहे, हे पालखी नाचवणाऱ्या पोरांना माहीत असते. त्याच पोरांनी वाडीवार यादी करावी. एकेका घराची जबाबदारी एकेकाने नावानिशी घ्यावी. आणि ज्या दारी पालखी जात नाही, ती घरे यादीत सर्वांत वर लिहावीत. मुंबईचे चाकरमानी देवळाच्या जीर्णोद्धाराला मनापासून वर्गणी देतात. सभामंडपाला पक्के छप्पर, चार संडास, पाण्याची टाकी आणि एक जनित्र यासाठी तीच वर्गणी द्यावी, देव त्याला नाही म्हणणार नाही. समुद्राकाठचे सुरूचे बन आणि खाडीतले कांदळवन तोडून उभ्या राहिलेल्या बांधकामांना गावानेच हरकत घ्यावी, कारण वारा आणि उधाण अडवण्यात या झाडांचा वाटा मोठा आहे.

सरकारने काय करावे, हे ओडिशाने दाखवले आहे. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. 2019 मध्ये फनी आले तेव्हा बारा लाखांच्या आसपास माणसे आधीच हलवली होती आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. मधल्या वीस वर्षांत तिथे निवारे बांधले गेले, एरवी त्यांत शाळा भरतात. गावच्या लोकांना शिकवले, दरवर्षी रंगीत तालीम घेतली. ओडिशा काही महाराष्ट्रापेक्षा श्रीमंत राज्य नाही.

1 मेची ग्रामसभा मोसमी पावसाच्या महिनाभर आधी येते. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात त्या सभेपुढे वाडीवार यादी मोठ्याने वाचली जावी. कोणाला उचलून न्यावे लागेल, कोणाची गुरे कुठे बांधायची, शाळेची किल्ली रात्री कोणाकडे असते, खलाशांना त्यांच्या भाषेत कोण सांगणार, हे तिथे ठरावे. ज्यांची नावे यादीत आहेत ती माणसे सभेला आली नसतील, तर सभा तहकूब करून त्यांच्या वाडीवर पुन्हा भरवावी. ऑक्टोबरात, दुसऱ्या वादळी हंगामाच्या तोंडावर, ती यादी पुन्हा तपासावी.