वादळाच्या आधी बंदर (गीता, अध्याय २, श्लोक ६७)



काल रात्रभर नांदेडात पाऊस होता. सकाळी उठलो तर ग्रुपवर विष्णुपुरीचे दरवाजे उघडल्याचे मेसेज, गोदावरीच्या घाटाचे फोटो. चहा घेऊन वाचायला बसलो आणि क्रमाने आजचा श्लोक आला तो दुसऱ्या अध्यायातला ६७ वा. त्यातही पाणी, वारा आणि नाव!

श्लोकाचा अर्थ साधा आहे. इंद्रियं विषयांमागे हिंडत असतात. त्यातल्या एकाच्या जरी मागे मन गेलं, तरी ते माणसाची बुद्धी ओढून नेतं, जसा वारा पाण्यातली नाव ओढून नेतो. भगवंतांनी इथे पाचही इंद्रियं लागतात असं म्हटलेलं नाही. एक पुरे आहे.

आता ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यातला मी. मला नावेतलं काय कळणार? म्हणून ऑफिसमधल्या देवगडच्या मित्राला विचारलं, "वादळ आलं की तुमच्याकडे नेमकं काय करतात?"

तो म्हणाला, "वादळ आल्यावर काही करता येत नाही रे. जे करायचं ते आधी." हवामान खात्याचा इशारा आला की बंदरात तीन नंबरचा बावटा लागतो. समुद्रात असलेल्या नौका जवळचं सुरक्षित बंदर गाठतात. देवगडचं बंदर डोंगराच्या आडोशाला आहे, म्हणून ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळ आलं तेव्हा तिथे गुजरातच्या नौकासुद्धा आश्रयाला आल्या होत्या. नांगर टाकायचा, नौका दोरांनी बांधायच्या आणि थांबायचं. आपला कोण, परका कोण, हे त्या वेळी कुणी विचारत नाही.

मग त्याने एक गोष्ट सांगितली, ती मला नवीन होती. उशीर झाला तर सगळ्यात जास्त धोका बंदराच्या तोंडाशीच असतो. तिथे पाणी उथळ, लाटा फुटतात, बाजूला खडक. खोल समुद्रात तगलेली नाव किनारा दिसत असताना फुटू शकते.

हे ऐकलं आणि ज्ञानेश्वरी पुन्हा उघडली. माउलींनी याच श्लोकावर नेमकं हेच सांगितलंय. मूळ श्लोकात नाव नुसती पाण्यात आहे. माउली तिला काठाजवळ आणतात. नाव थडीला लागत आलेली असताना वाईट वाऱ्यात सापडली, तर टळलेलं संकट परत येतं. तसंच, पोहोचलेल्या माणसानेही सहज गंमत म्हणून इंद्रियांचे लाड केले, तर संसाराचं दुःख त्याला पुन्हा गाठतं. आपेगावात जन्मलेल्या, गोदाकाठच्या माउलींना काठाजवळचा धोका बरोबर माहीत होता.

आता माझं सांगतो. लिहायला जड जातंय, पण इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलेलं आहे.

तीन वर्षं झाली, रोज वाचन चालू आहे. राग बराच कमी झाला होता. बायको म्हणायची, आई म्हणायची. मलाही आतून वाटायला लागलं होतं की हा विषय आपण ओलांडला. दोन महिन्यांपूर्वी रिलीजचा आठवडा होता. तीन रात्री नीट झोप नव्हती. त्यात रात्री अकरा वाजता घरच्या ग्रुपवर शेतीचा विषय निघाला. आमची जमीन औसा तालुक्यात आहे. मोठा भाऊ ती कसतो, मी इकडे लॅपटॉपवर. आणि मी उभ्या उभ्या टाइप केलं, "दादा, पाच वर्षांचा हिशेब एकदा सगळ्यांसमोर ठेव."

एक ओळ. सगळ्यांसमोर. ज्याने माझ्या इंजिनिअरिंगची फी सोयाबीन विकून भरली, त्याला.

दादाने ती ओळ वाचली. उत्तर दिलं नाही. त्यानंतर त्याचा फोन नाही, माझीही हिंमत झाली नाही. मला वाटत होतं मी थडीला लागलोय, आणि नाव तिथेच आपटली.

नंतर विचार केला की बावटा लागला नव्हता का? लागला होता. झोप नव्हती, पोटात अन्न नव्हतं, ऑफिसचा राग होता. तिन्ही मला दिसत होतं. सर्व्हरच्या बाबतीत आपण किती शहाणे असतो बघा. शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करायचं नाही, हे फ्रेशरलाही कळतं. मनाच्या बाबतीत मात्र आपण रात्री अकराला, उपाशीपोटी, थेट प्रॉडक्शनवर.

काही जण म्हणतील, सारखं थांबत बसलो तर पुढे कधी जाणार? कमांडर दिलीप दोंदे आठवा. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून त्यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे पहिले भारतीय. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले, मे २०१० मध्ये परतले. वाटेत चार बंदरांत थांबले: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ले आणि केप टाऊन. तिथे नौकेची दुरुस्ती, अन्नपाणी, विश्रांती. ते थांबले म्हणून प्रदक्षिणा कमी झाली नाही.

आपल्या परंपरेलाही हे ठाऊक आहे. कोकणात जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून पुन्हा सुरुवात होते. त्याच पावसाळ्यात, एरवी फिरणारा संन्यासी चातुर्मासासाठी एका गावी राहतो. दोघेही पाऊस सुरू व्हायच्या आधीच कुठे थांबायचं ते ठरवतात.

नामस्मरणाचंही असंच आहे असं मला आता वाटतं. राग अंगात भिनल्यावर 'राम कृष्ण हरी' म्हणायला जावं तर जीभच वळत नाही, ते बंदराचं तोंड. रोज सकाळची दहा मिनिटं असतात ती वाट ओळखीची व्हावी म्हणून, अंधारातही सापडावी म्हणून. आणि मी ओलांडलं, मी पोहोचलो असं वाटायला लागलं की तोही एक बावटाच समजायचा.

आजचा अभ्यास: आपले तीन बावटे वहीत लिहून काढा. माझे वर सांगितले, तुमचे वेगळे असतील. त्यातला एक जरी लागला, तर त्या रात्री कुणालाही उत्तर द्यायचं नाही. फोन दुसऱ्या खोलीत, अकरा वेळा नाम, झोप. सकाळीही ते वाक्य खरं वाटलं तर समोर बसून बोला.

हे एवढं लिहून झाल्यावर मी दादाला फोन लावला. दोन रिंगमध्ये उचलला. "दादा, चुकलं माझं," म्हणालो. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "इकडं लई पाऊस व्हायलाय. सोयाबीन पाण्यात हाय." आणि ठेवता ठेवता, "वही लिहून ठेवलीय. ये एकदा, बघून जा."

ते 'बघून जा' अजून टोचतंय. टोचू दे. या शनिवारी लातूरची गाडी पकडतोय. वही बघायला नाही, पाण्यातलं सोयाबीन बघायला.

पांडुरंगा, वारा तुझा आहे, नावही तुझीच आहे. वेळेवर नांगर टाकायची बुद्धी तेवढी दे.

राम कृष्ण हरी.