उकलणाऱ्याचे ऋण



जी वस्तू आपल्याला पुन्हा जोडता येत नाही, ती उकलण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? प्रश्न किरकोळ वाटेल. मलाही तो तसाच वाटत होता. घरातल्या एका शिवणयंत्राने त्याचे वजन मला दाखविले.

मागील उन्हाळ्यात बेळगावच्या शहापूर भागातील आमच्या जुन्या घराची फरशी बदलावयाची होती. सोप्यात थोरल्या वहिनींचे पायमशीन होते. पोलकी, परकर, बाळांची दुपटी शिवून त्यांनी त्यावर तीन मुलांचे शिक्षण केले. ते हलविण्यासाठी पट्टा काढावा, बिजागरीचे दोन स्क्रू सैल करावेत आणि डोके उचलून घ्यावे, एवढे पुरे होते. परंतु उघडलेच आहे तर आतूनही स्वच्छ करू, असा मोह मला झाला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, चालतंय ते, कशाला हात लावता?" मी ऐकले नाही. शटल काढले, दाते काढले, सुईची दांडीही सैल केली. सर्व भाग रॉकेलने धुऊन वर्तमानपत्रावर मांडले. त्या वेळी मला फार ज्ञानी झाल्यासारखे वाटले.

फरशी बसली. यंत्र जोडले. एकही स्क्रू उरला नाही, चाकही हलके फिरू लागले; पण टाका पडेना. चार टाके पडत, पाचवा सुटे. डोके उचलून ठेवताना गवंड्याच्या हाताखालचा पोरगा होता. त्यानेच आपटले असणार, असे मी ठरविले आणि त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. तो काही बोलला नाही.

वाचकहो, टाका कसा पडतो ते येथे पाहिले पाहिजे. १८४६ साली अमेरिकेत इलायस हौ यांनी टोकाशी नेढे असलेली सुई आणि खालचा धोटा यांचा मेळ घालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. मूळ तत्त्व आजही तेच आहे. सुई वरचा दोरा घेऊन खाली जाते. परत वर निघताना, जेमतेम दोन मिलिमीटर उचलली असता, दोऱ्याचा लहानसा फास तयार होतो. त्याच क्षणी शटलची चोच त्या फासात शिरते आणि तो फास बॉबिनभोवती फिरवून आणते. चोच क्षणभर मागेपुढे झाली, किंवा सुई किंचित खाली बसली, तर दोन दोरे एकमेकांना भेटतच नाहीत. सुई उत्तम, शटल उत्तम, दोरा उत्तम. आणि तरीही शिवण नाही.

शेवटी एका वृद्ध कारागिराला बोलाविले. त्यांनी चाक हाताने सावकाश फिरवून पाहिले आणि विचारले, "सुईची दांडी कुणी सैल केली होती?" मी मान खाली घातली. त्यांनी दांडी केसभर वर घेऊन स्क्रू आवळला. टाका पडू लागला. पोराने यंत्र आपटले नव्हते.

मी त्यांना माझा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "मीही शिकताना पुष्कळ मशिनी बिघडविल्या. न उघडता कोण शिकतो? पण गिऱ्हाइकाची मशीन चालू होईपर्यंत उठलो नाही, आणि चूक माझी असली तर माझीच म्हणालो."

मला वाटते, उत्तर यातच आहे. उकलणे हे पाप नव्हे. कल्याणच्या शरणांनी जन्मावरून ठरणारी उच्चनीचता नाकारली. पण नाकारून ते दूर उभे राहिले नाहीत, कायक आणि दासोह यांवर नवा मेळ त्यांनी उभा केला. त्यांच्यात सुईवर पोट भरणारे सूजिकायकद रामितंदे होते. ज्याचे कायक जोडण्याचे, त्याचा शब्द त्या मंडळीत मानाने ऐकला जात होता.

आपण मात्र वाटणीच्या वेळी एकत्र घर उकलतो, चर्चेत वडिलांची श्रद्धा उकलतो, माणसाचा स्वभावही त्याच्या पाठीमागे उकलून सुटा मांडतो. एकेक भाग हाती आला म्हणजे सर्व कळले, असे मानतो. भागांमधला मेळ कोठे गेला, हे कोणी विचारीत नाही. आणि टाका पडला नाही की बोट दुसऱ्याकडे, बहुधा उलट बोलू न शकणाऱ्याकडे, वळते. उकलणाऱ्यावर जोडण्याचे ऋण असते. ते फिटेपर्यंत त्याने उठू नये. स्वतःला जोडता येत नसेल, तर ज्याला येते त्याच्यापुढे नम्र व्हावे.

दुसऱ्या दिवशी मी त्या पोराच्या घरी गेलो. कापलेली मजुरी दिली आणि चूक माझी होती हे त्याच्या आईसमक्ष सांगितले. पैसे देणे सोपे गेले, बोलणे जड गेले. पोराने एवढेच विचारले, "काकींची मशीन चालू झाली का?"

वाचकहो, आपल्या घरी असे काही उकलून ठेवलेले आहे काय? आणि त्याचा दोष आपण कोणाच्या माथी मारला आहे? आज दिवेलागणीला क्षणभर आठवून पाहावे.

शरणु शरणार्थी.